दगडी कापूस विणणारे शामभाऊ

शामभाऊ बारापात्रे माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरायचे. मी कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून रुजू झालो त्या दिवशी ते ग्रीसचा डबा मागायला स्टोअरच्या खिडकीशी आले, खिडकीतून हात आत घातला आणि माझी बाही चिमटीत घेऊन म्हणाले, "पॉलिस्टर जास्त हाय गा यात. दुकानदारानं तुले सुती म्हून देल्लं असन."

दिलं होतं खरं. नोकरी लागल्याच्या आनंदात मी तो शर्ट सीताबर्डीच्या बाजारातून घेतला होता. त्यानंतर कुठलाही कपडा घेताना मला शामभाऊंची ती दोन बोटं आठवायची.

घराणं उमरेडचं, विणकराचं. आजोबा, वडील, दोन्ही काका हातमागावर लुगडी विणायचे. शामभाऊ दहाव्या वर्षी मागावर बसले आणि विसाव्या वर्षी त्यांनी विणलेल्या काठाला बाजारात लोक ओळखू लागले. पुढे हातमागाचे दिवस सरले. लुगडं नेसणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत गेल्या आणि त्यांच्या सुना गिरणीच्या साड्या नेसू लागल्या. घरातले दोन माग मोडून सरपण झाले आणि शामभाऊ बायकोला घेऊन नागपूरला तांडापेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. कुणीतरी सांगितलं, एमआयडीसीत एका कारखान्याला मागावरचा माणूस पाहिजे. ते आनंदाने गेले. तिथे विणायचं होतं, पण लुगडी नव्हती.

आमच्या कारखान्यात बॉयलरला आणि वाफेच्या पाइपांना गुंडाळायची रस्सी, पट्टी आणि जाड कापड तयार व्हायचं. माल परदेशातून पोत्यांत यायचा, करड्या पांढऱ्या रंगाचा, हाताला मऊ. रजिस्टरमध्ये मी 'अ‍ॅस्बेस्टॉस' लिहायचो, पण खात्यात सगळे त्याला दगडी कापूस म्हणत. खाणीतला दगड पिंजून असा कापूस निघतो, याचं शामभाऊंना फार कौतुक होतं. नवीन माणूस आला की ते त्याला मागाजवळ बोलवायचे, सुताचा एक तुकडा तोडायचे आणि त्याखाली काडी पेटवायचे. काडी बोटापर्यंत जळत यायची, सूत तसंच राहायचं. "पाह्य," ते म्हणायचे. "माह्या बापानं जनमभर लुगडी विनली. एक ठिनगी पडली तं साऱ्याची राख. हे जयत नाही."

तुटलेलं सूत जोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. या सुताला धड पीळ बसत नाही, ते सारखं तुटतं. बाकीचे वैतागून शिव्या द्यायचे. शामभाऊ मागाची पायाखालची पावडी थांबवायचे, वाकायचे आणि बघणाऱ्याला दिसायच्या आत गाठ मारून सरळ व्हायचे. "सुतावर रागावून गाठ बसत नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. तेच ते भांडणाऱ्या नवराबायकोला ऐकवायचे आणि परीक्षेत नापास झालेल्या पोरांनाही. खुर्चीवर नुसते बसले असले तरी त्यांच्या पायाची बोटं आळीपाळीने खाली-वर व्हायची. पाय मागावरच असायचे.

त्यांचा दोस्त म्हणजे रघुनाथ मेश्राम. तो पोती फोडायच्या खात्यात होता. दोघे सायकलने बरोबर यायचे, बरोबर जायचे. दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीवर येणारे मेश्रामचे पाहुणे त्याच्या घरी उतरायचे, तेव्हा शामभाऊ आपल्या घरातल्या सगळ्या सतरंज्या सायकलला बांधून तिकडे न्यायचे आणि स्वतः चार दिवस चटईवर झोपायचे.

संध्याकाळी सुटी झाली की सगळा कारखाना पांढरा होऊन बाहेर पडायचा. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. त्याची आम्हाला गंमत वाटायची. मी एकदा शामभाऊंबरोबर त्यांच्या घरी गेलो होतो. दारातच त्यांनी शर्ट-पॅन्ट काढून लुंगी गुंडाळली आणि सुमनवहिनी ते कपडे अंगणात दोरीवर टाकून काठीने झोडपू लागल्या. पांढरा धूर उठला. वहिनी हसत मला म्हणाल्या, "माह्या घरी रोज चक्कीवाला येते जी, पिठाचा." मग आत जाऊन त्यांनी चहाचं भांडं उतरवलं ते कारखान्याच्याच कापडाच्या तुकड्याने. शामभाऊंनी तो खास किनार काढून विणून दिला होता.

खोकला सगळ्यांनाच होता. कारखान्यातला खोकला म्हणजे शेतातला चिखल, असं आम्ही धरून चाललो होतो. मेश्रामला धाप लागू लागली, तो सायकल सोडून बसने येऊ लागला. कामगार दवाखान्यात त्याच्या छातीचा फोटो काढला आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. सहा महिन्यांचा कोर्स झाला. पुन्हा धाप लागली, पुन्हा कोर्स. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत, पण गोळ्या चालू राहिल्या. घरात त्याचं ताट-वाटी वेगळं केलं गेलं. शामभाऊ मात्र त्याच्या डब्यातलं मुद्दाम खायचे.

मग दवाखान्यात एक नव्या डॉक्टरबाई आल्या. शामभाऊ मेश्रामला घेऊन गेले होते. परत आले ते थेट माझ्या खिडकीशी. चेहरा उतरलेला. म्हणाले, "बाईनं फोटो पाह्यला अन् पयला प्रश्न इचारला का काम कोनतं करता. इतकी वर्सं दवाखान्यात जाऊन राहिलो, कोनंच नव्हतं इचारलं."

डॉक्टरबाईंनी त्यांना समजावून सांगितलं होतं. हा टीबी नाही. दगडी कापसाची बारीक कुसळं श्वासाबरोबर आत जातात आणि फुप्फुसात रुतून बसतात. ती बाहेर निघत नाहीत, विरघळत नाहीत. वीस-तीस वर्षांनीसुद्धा त्रास सुरू होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. आता करण्यासारखं एवढंच की आणखी धूळ आत जाऊ द्यायची नाही. काम ओल्यानं करा, चांगले मास्क मागा, सिगारेट सोडा आणि कामाचे कपडे घरी नेऊ नका.

"मी बाईले म्हनलं," शामभाऊ थांबले. खिडकीची फळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "म्हनलं, कपडे तं घरवाली झाडते. तिनं तं कारखाना पाह्यलाबी नाही. बाई मान खाली घालून लिहित राह्यली."

त्या दिवसापासून शामभाऊंनी सुताला काडी लावून दाखवणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते घरून एक जुनी पत्र्याची पेटी घेऊन आले. स्टोअरच्या मागे मोडक्या सामानाची एक खोली होती, ती त्यांनी माझ्याकडून मागून घेतली. कामाचे कपडे तिथे बदलायचे आणि तिथेच ठेवायचे असा त्यांनी नियम केला. आधी ते एकटेच होते, मग मेश्राम, मग आणखी पाच-सात जण. शनिवारी ते कपडे मागच्या टाक्यात बुडवून शामभाऊ स्वतः धुवायचे, न झाडता आणि न आपटता. झाडणाऱ्या बायकांचे खराटे काढून घेऊन त्यांनी ओल्या गोणपाटाने फरशी पुसायला शिकवलं. त्या कुरकुरल्या, कारण वाकावं लागायचं.

आणि ते सूत ओलं करू लागले. हातमागावर सुताची कांडी ओली करून घेतली तर सूत कमी तुटतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. इथे त्यांनी पाहिलं की ओल्या सुतातून धूळ उडत नाही. मागाशेजारी बादल्या आल्या. महिनाभर विणायच्या खात्यात खिडकीच्या उन्हात धुळीचा पट्टा दिसेनासा झाला. शामभाऊ मला मुद्दाम ते दाखवायला घेऊन गेले होते. "ऊन पाह्य," म्हणाले. "कसं रिकामं हाय."

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून रस्सीची भेंडोळी परत आली. ओली गुंडाळल्यामुळे आतून काळी पडली होती. वाळवायला जागा आणि वेळ दिला असता तर हे झालं नसतं, पण आमच्याकडे माल संध्याकाळी उतरला की सकाळी गाडीत चढायचा. मॅनेजरसाहेबांनी शामभाऊंना बोलावलं, बरोबर मलाही. साहेब वाईट माणूस नव्हते. कामगारांच्या मुलांच्या लग्नाला यायचे. ते म्हणाले, "शामराव, मला तुमचं कळतं. पण ऑर्डर गेली तर मी तुम्हाला कुठून काम देऊ? उद्यापासून बादल्या दिसायला नकोत."

"मंग धूळ ओढणाऱ्या मशिनी लावा साहेब. गाळणीच्या डब्याचे मास्क द्या."

"मास्क आहेत की स्टोअरला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. मास्क होते. एक खोकं होतं. सरकारी तपासणी असली की ते मी उघडायचो, मास्क वाटायचो, रजिस्टरवर सह्या घ्यायचो आणि साहेब लोक गेले की परत गोळा करून खोक्याला पट्टी लावायचो. रोज वापरायला आम्ही कापडाची फडकी द्यायचो, त्यांतून ती कुसळं सहज आत जायची. हे मला तोपर्यंत कळलेलं होतं. तरी मी हो म्हणालो. शामभाऊ माझ्यावर रागावले नाहीत. जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बहुधा त्यांनाच दम लागला होता म्हणून.

पुढची तपासणी आली. आदल्या दिवशी फरशी धुतली, पोत्यांवर ताडपत्री पडली, मी खोकं उघडलं. तपासणीचे साहेब विणायच्या खात्यात आले तेव्हा सगळे माग बंद होते, आणि सगळे नवे मास्क लावून उभे होते. शामभाऊंनी आपला मास्क काढला आणि म्हणाले, "साहेब, माग चालू करू का? बंद मागावर तुमाले काय दिसनार हाय?"

कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःचा माग सुरू केला. दोन मिनिटांत उन्हात धूळ तरंगू लागली. तपासणीच्या साहेबांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. पुष्कळ काही लिहून घेतलं. त्यांनी आपलं काम चोख केलं, याबद्दल मला शंका नाही. महिन्याभरात नोटीस आली: धूळ खेचणारी यंत्रं बसवा, कपडे बदलायची व अंघोळीची सोय करा, सगळ्यांच्या छातीची तपासणी करा, नाहीतर विणायचं आणि पिंजायचं काम थांबवा.

मॅनेजरसाहेबांनी काम थांबवलं. नोटिशीत दुसरा पर्याय लिहिला होता, तो त्यांनी घेतला. माग आणि रस्सी गुंफायच्या मशिनी ट्रकवर चढल्या आणि पारशिवनीच्या बाजूला एका ठेकेदाराच्या टिनाच्या शेडमध्ये गेल्या. आमच्या कारखान्यात फक्त तयार माल कापायचं आणि पॅक करायचं काम उरलं. विणायच्या, पिंजायच्या आणि पोती फोडायच्या खात्यांतली माणसं घरी बसली. त्यात मेश्राम होता. शामभाऊही होतेच.

मेश्राम त्या दिवशी गेटवर शामभाऊंना जे बोलला ते मी ऐकलं. त्याला एका दमात बोलता येत नव्हतं. "माही पोरगी लग्नाची हाय शाम. मी मरून राहिलो हे मले मालूम नव्हतं काय? मले पोरीचं लग्न होईपर्यंत मरायचं होतं, कामावर. तू काहून बोलला?"

मेश्राम त्यानंतर वर्षभरात गेला. शामभाऊ अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे चालत होते, आणि मधूनमधून थांबत होते. मला वाटलं दुःखाने थांबताहेत. त्यांनाही आता वीस-पंचवीस पावलांवर उभं राहावं लागत होतं.

सुमनवहिनींचं दुखणं कोरोनाच्या काळात सुरू झालं. बाहेर रस्त्यावर पोलीस मास्कसाठी अडवत होते आणि वहिनींच्या छातीत पाणी भरत होतं. आधी कोरोनाच वाटला. पाणी काढलं की चार दिवस बरं, मग पुन्हा भरायचं. शेवटी मोठ्या दवाखान्यात छातीतला तुकडा काढून तपासला, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी शामभाऊंना विचारलं, "या कुठे कामाला होत्या?"

"कुठंच नाही," शामभाऊ म्हणाले. "घरीच होती."

मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. शामभाऊ औषध आणायला बाहेर गेल्याची संधी साधून त्यांनी मला जवळ बोलावलं. "भाऊ, तुमी ह्यायले समजावा. रात-दिवस तेच घेऊन बसते. कपडे झाडाले ह्यायनं मले कधीच नव्हतं सांगितलं. मलेच मयके कपडे पाहवत नव्हते." त्यांनी दम घेतला. "म्या आपल्या मनानं झाडले. सांगजा बरं."

मी सांगितलं. शामभाऊ ऐकून घेत राहिले. त्यांच्या पायाची बोटं त्या दिवशी हलत नव्हती. वहिनी दिवाळीच्या आधी गेल्या आणि शामभाऊ तांडापेठेतल्या खोल्या सोडून उमरेडला धाकट्या भावाकडे राहायला गेले.

मी मात्र अजून नोकरीत होतो. मनीषनगरला फ्लॅट घेतला होता, त्याचे हप्ते होते. महिन्यातून दोनदा मी टेम्पोबरोबर पारशिवनीच्या शेडवर जायचो, दगडी कापसाची पोती उतरवायची आणि विणलेला माल मोजून आणायचा. शेडमध्ये आसपासच्या गावांतल्या पंधरा-वीस बाया काम करायच्या. तिथे पंखासुद्धा नव्हता. त्या पदराने नाक झाकायच्या. हे मी शामभाऊंना सांगायला नको होतं, पण एकदा फोनवर बोलता बोलता तोंडून गेलं.

पुढच्या खेपेला मी शेडवर पोचलो तर शामभाऊ फाटकाबाहेर उभे. उमरेडहून एस.टी.ने नागपूर, तिथून दुसऱ्या एस.टी.ने पारशिवनी, आणि पुढे ऑटोने. चेहरा निळसर पडला होता. "मी एकडाव त्या बायायसंग बोलतो," ते म्हणाले. प्रत्येक शब्दानंतर श्वास घेत होते. "मास्क नाही देत... तं नाही देत. सूत ओलं... कराले तं शिकवतो."

ठेकेदार बाहेर गेला होता. मी त्यांना आत नेलं. ते आपल्या जुन्या मागापाशी गेले. मागावर एक तरुण बाई होती. त्यांनी सुताला हात लावला, माग थांबवायला सांगितला आणि बोलू लागले. पण शेडमधल्या मशिनींचा आवाज आणि ती धूळ. पहिल्याच वाक्याला त्यांना उबळ आली. ती थांबेना. ते सुताकडे बोट दाखवत एवढंच म्हणू शकले, "पानी... पानी..."

बाई लगबगीने उठली, माठातून गडूभर पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "बसा बाबा, बसा. घ्या, प्या."

शामभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी गडू घेतला आणि पाणी प्यायले. मी तिला सांगू लागलो की त्यांना ते सुतासाठी हवं होतं, ओलं केलं की धूळ उडत नाही. ती म्हणाली, "ओला माल ठेकेदार घेत नाही ना जी." एवढ्यात फाटकाशी मोटारसायकलचा आवाज आला आणि आम्ही बाहेर पडलो.

मी त्यांना टेम्पोत घालून पारशिवनीच्या बस थांब्यावर सोडलं. नागपूरपर्यंत चला म्हणत होतो, पण टेम्पोत मालाची भेंडोळी होती आणि त्यांना त्या मालाशेजारी आणखी बसायचं नव्हतं. बऱ्याच वेळाने एस.टी. आली. दाराच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना इतका वेळ लागला की कंडक्टरने खाली उतरून त्यांना हात दिला. खिडकीशी जागा मिळाली. खिडकीची काच अडकलेली होती, उघडेना.

तेवढ्यात शेडवरची सुटी झालेल्या दोघी-तिघी थांब्याकडे येताना दिसल्या. त्यांच्यात ती मागावरची बाई होती. केस, भुवया, पदर, सगळं पांढरं. थांब्याच्या ओट्यावर एक म्हातारी चार वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलगी आईला पाहून धावत सुटली. बाईने तिला उचललं आणि मुलीने आईच्या पदरात तोंड खुपसलं.

शामभाऊ आतून काचेवर हात आपटू लागले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज बाहेर येत नव्हता. ते एकदा माझ्याकडे बघत आणि एकदा त्या बाईकडे बोट दाखवत. मला कळलं. मी पळत तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, "बाई, तिला खाली ठेवा. ही धूळ तिच्या छातीत जाईल. अंगावरचे कपडे बदलल्याशिवाय तिला जवळ घेत जाऊ नका."

ती ओशाळली. मुलीला खाली ठेवलं नाही, दुसऱ्या कडेवर घेतलं. "हाव जी," ती म्हणाली. "घरी गेल्यावर झाडून घेईन सारं."

मी मागे वळून पाहिलं. बस निघाली होती आणि वळण घेत होती. मी बाईशी बोलतोय, ती मान डोलावतेय, एवढं शामभाऊंना दिसलं होतं. काचेवरचा हात त्यांनी खाली घेतला होता. सीटला डोकं टेकवून ते माझ्याकडे बघून हसले, एक मोठं काम उरकल्यासारखे. मग बस पुढे गेली. मीही हात हलवला.